ख्रिस्ती विश्वास आणि आजचे जगणे : कोणती पुस्तके खरोखर सोबत करतात?

धागाकर्ता : उंबरठा

ज्या जगात आजाराला औषध आहे, विजेच्या कडकडाटाला भौतिकशास्त्र आहे आणि देवाचे नावही न घेता माणूस नेकीने जगू शकतो, त्या जगात ख्रिस्ती विश्वासाला कोणते काम उरते, हा प्रश्न घेऊन मी काही वर्षे वाचत आलो आहे. या विषयावरच्या पुस्तकांना तोटा नाही. अडचण आहे ती निवडीची. त्यांतली बरीच पुस्तके विश्वासाचे वकीलपत्र घेऊन उभी राहतात आणि वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतात. त्या खुर्चीत बसून मला कधी काही गवसले नाही. माझ्याजवळ टिकली ती पुस्तके, जी विश्वास जगताना कसा दिसतो, कुठे फाटतो आणि फाटल्यावरही कसा पुरतो ते दाखवतात. अशा पुस्तकांविषयी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

थोडे स्वतःचे सांगतो. आई रुग्णालयात होती तेव्हा एका हितचिंतकाने मला दुःखाचे प्रयोजन समजावून सांगणारे एक पुस्तक आणून दिले. त्यामागचा हेतू चांगला होता आणि पुस्तकातले युक्तिवादही नीट रचलेले होते. परंतु रात्री अडीच वाजता सलाईनच्या नळीतले थेंब पाहत बसलेलो असताना त्यातले एकही वाक्य माझ्यापर्यंत पोहोचेना. त्याच आठवड्यात ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांचे ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ हे लहानसे पुस्तक मी पुन्हा उघडले. लुईस यांनी १९४० साली ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ या पुस्तकात वेदनेचा प्रश्न तर्काने सोडवून दाखवला होता. १९६० साली त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली, आणि पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्यांनी हे दुसरे पुस्तक एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने प्रसिद्ध केले. गरज अगदी टोकाला गेली असताना देवाकडे जावे तर दार तोंडावर आपटले जाते, आतून कडीवर कडी घातल्याचा आवाज येतो आणि मग केवळ शांतता उरते, असे ते त्यात लिहितात. एका जाणत्या श्रद्धावंताने हे लिहिलेले वाचले आणि त्या रात्री पहिल्यांदा मला प्रार्थना करता आली. पुस्तकाच्या उत्तरार्धात त्यांना ते दार हळूहळू पूर्वीइतके बंद वाटेनासे होते, आणि आपल्याच आकांतामुळे तर ते मिटले नव्हते ना, असे ते स्वतःला विचारतात. इथे कोणताही सिद्धान्त मांडलेला नाही, तरीही ते पुस्तक मला आधीच्या पुस्तकाहून अधिक खरे वाटते.

आजच्या काळात विश्वासाचे स्थान काय, हा प्रश्न सगळ्यांत विस्ताराने हाताळला आहे तो चार्ल्स टेलर या कॅनडाच्या तत्त्वज्ञाने, ‘अ सेक्युलर एज’ या २००७ सालच्या ग्रंथात. ग्रंथ साडेआठशेहून अधिक पानांचा आहे आणि तो पुरा करायला मला पाऊण वर्ष लागले. त्याचा मूळ प्रश्न मात्र दोन ओळींत मावतो. १५०० साली पाश्चात्त्य समाजात देव न मानणे जवळजवळ अशक्य होते. मग २००० साली तेच अनेकांना सोपे, इतकेच नव्हे तर अटळ का वाटते? विज्ञान आले म्हणून धर्म गेला, हे सरधोपट उत्तर टेलर स्वीकारत नाहीत. त्यांच्या मते बदलली आहे ती विश्वास ज्या जमिनीवर उभा असतो ती जमीन. आज श्रद्धावंतालाही ठाऊक असते की आपल्याइतकाच शहाणा आणि सज्जन माणूस वेगळे मानतो. उलट अश्रद्ध माणसालाही एखाद्या मृत्यूच्या वेळी किंवा संगीत ऐकताना आपल्या चौकटीपलीकडची ओढ लागते. दोघांनाही दोन्हीकडून ताण आहे. हे वाचल्यावर माझी स्वतःविषयीची एक तक्रार मिटली, कारण मनात शंका येते म्हणजे माझा विश्वास कच्चा आहे असे मी समजत होतो. ती शंका या काळाच्या हवेतच आहे, आणि ती माझ्याइतकीच नास्तिकालाही लागते.

इथे आपल्या भाषेची मला फार मदत होते. मराठी बायबलमध्ये ‘विश्वास’ हा शब्द आहे, आणि तोच शब्द आपण माणसांविषयीही वापरतो. एखाद्यावर आपण विश्वास टाकतो, त्याच्या विश्वासावर घर सोडून जातो, आणि जो शब्दाला जागतो त्याला विश्वासू म्हणतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधला ‘पिस्तिस’ हा शब्दही असाच भरवसा आणि एकनिष्ठा या दोहोंना कवेत घेतो. अमुक विधाने खरी मानणे एवढाच अर्थ घेतला तर विश्वास परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखा होतो. भरवसा मात्र अंधारातही ठेवता येतो; किंबहुना लख्ख उजेडात त्याची फारशी गरजच पडत नाही.

आता ज्या पुस्तकासाठी मी मुख्यतः हे लिहायला घेतले, ते. डीट्रिख बॉनहॉफर हे जर्मन पाळक आणि धर्मपंडित. १९३९ साली ते न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होते, तरी आपल्या लोकांबरोबर राहण्यासाठी परत गेले. १९४३ च्या एप्रिलमध्ये नाझी राजवटीने त्यांना अटक केली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्यूर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्यांनी आईवडिलांना आणि एबरहार्ड बेथगे या मित्राला लिहिलेली पत्रे बेथगे यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केली; इंग्रजीत ती ‘लेटर्स अँड पेपर्स फ्रॉम प्रिझन’ या नावाने वाचायला मिळतात. आज आपल्यासाठी ख्रिस्त खरोखर कोण आहे, हा प्रश्न त्यांनी ३० एप्रिल १९४४ च्या पत्रात विचारला. त्यानंतर महिनाभराने, पदार्थविज्ञानाच्या जगदृष्टीवरचे एक पुस्तक वाचत असताना, त्यांनी लिहिले की आपल्या ज्ञानातल्या फटी बुजवायला देवाला वापरू नये. ज्ञान वाढते तशा फटी लहान होतात आणि त्यांच्यात बसवलेला देवही मागे मागे सरतो. देव भेटावा तो आपल्याला जे कळले आहे त्यात, आयुष्याच्या मध्यभागी, बळात आणि आनंदातही.

त्या पत्रांतला एक प्रसंग मी कितीदा वाचला असेन याची गणती नाही. बाँबवर्षाव चालू आहे, कैदी जमिनीवर पालथे पडले आहेत, आणि एरवी थिल्लरपणे वागणारा एक जण ‘देवा, देवा’ म्हणून ओरडतो. बॉनहॉफर पाळक आहेत. अशा वेळी चार धीराची धार्मिक वाक्ये बोलणे हे तर त्यांचे कामच. पण त्यांना तसे बोलवत नाही. ते घड्याळाकडे पाहतात आणि म्हणतात, आता दहा मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही. भेदरलेल्या माणसाच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याच्या गळी धर्म उतरवायचा नाही, एवढा आदर त्या एका वाक्यात आहे. विश्वास मुरला की बोलणे असे होत असावे.

आपण कोणती पुस्तके सुचवाल? कादंबऱ्या, पत्रे, आत्मकथने, काहीही चालेल. मात्र ते पुस्तक आपल्या हाती कोणत्या वेळी आले आणि त्याने काय केले, तेही लिहावे ही विनंती.

प्रतिसाद : पानगळ

उंबरठा, आपण न्यायाधीशाच्या खुर्चीचा उल्लेख केलात आणि मला मॅरिलिन रॉबिन्सन यांची ‘गिलिअड’ आठवली. २००४ साली आलेल्या या कादंबरीला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९५६ साल आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या लहान गावात जॉन एम्स नावाचे शहात्तर वर्षांचे पाळक आपल्या जेमतेम सात वर्षांच्या मुलासाठी एक दीर्घ पत्र लिहीत आहेत, कारण हृदयविकारामुळे मुलगा मोठा होईपर्यंत आपण नसणार हे त्यांना कळले आहे. कथानक म्हणावे असे फार थोडे घडते. माळ्यावर आयुष्यभराच्या उपदेशांच्या पेट्या आहेत. तो मजकूर सव्वादोनशे पुस्तकांइतका भरेल असा हिशेब ते करतात, आणि त्यांतले किती आता टिकेल याविषयी त्यांना फारशी खात्री नाही. बचावाच्या पवित्र्यात उभे राहून देवाविषयी खरे काही बोलता येत नाही, असे एम्स एके ठिकाणी लिहितात. आपल्या धाग्याचा विषय मला या एका वाक्यात सापडतो.

मी शिक्षिका आहे, आणि ही कादंबरी माझ्या हाती आली तेव्हा उपासनेला जाणे मी सोडून दिले होते. भांडण कोणाशी नव्हते, केवळ सगळे शब्द झिजले होते. कृपा, तारण, पवित्र हे शब्द इतक्या वेळा कानावरून गेले होते की त्यांचा अर्थ लागेनासा झाला होता. ‘गिलिअड’ने ते शब्द मला धुऊन परत दिले. एम्स लहानपणची एक आठवण सांगतात: मुलांनी मिळून मांजराच्या पिल्लांचा बाप्तिस्मा केला होता, आणि त्या इवल्या, ऊबदार कपाळांचा स्पर्श तळहाताला कसा जाणवला हे त्यांना म्हातारपणीही आठवते. त्यावरून ते म्हणतात की आशीर्वाद दिल्याने एखाद्या गोष्टीत पावित्र्य येत नाही. ते तिच्यात असतेच, आशीर्वाद देताना आपण ते मान्य करतो. दुसऱ्या एका ठिकाणी पावसानंतर रस्त्याने चाललेले एक तरुण जोडपे आहे. मुलगा उडी मारून झाडाची फांदी ओढतो, पाण्याचा वर्षाव होतो आणि मुलगी हसत, केस झटकत पुढे पळते. म्हाताऱ्या पाळकांना ते पाहून वाटते की पाणी मुळात आशीर्वादासाठीच असावे आणि भाजीपाला किंवा धुणे ही त्याची दुय्यम कामे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे पुस्तक केवळ प्रसन्न नाही. मित्राचा वाया गेलेला मुलगा जॅक परत येतो, आणि ज्याला क्षमा करण्याचा उपदेश एम्स आयुष्यभर करत आले त्यालाच क्षमा करणे त्यांना जमत नाही. बसची वाट पाहत असताना त्याच्या कपाळावर हात ठेवून ते अखेर त्याला आशीर्वाद देतात, तिथपर्यंत पोहोचायला त्यांना जवळजवळ सगळे पुस्तक लागते.

प्रतिसाद : साक्षेप

चर्चा मनापासून आवडली, तरी एका मुद्द्यावर मला ठामपणे वेगळे मत नोंदवायचे आहे. युक्तिवाद करणाऱ्या पुस्तकांना आपण फार लवकर बाजूला सारत आहोत. रुग्णालयातल्या रात्री ती उपयोगी पडत नाहीत हे मान्य. पण सगळे आयुष्य रुग्णालयात जात नाही. ज्याच्या मनात ‘हे खरे आहे का?’ हा साधा, प्रामाणिक प्रश्न आहे, त्याला अनुभवाची हळवी कथा हातात देणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अनादर करणे होय. मी स्वतः अभियंता आहे आणि माझ्यासाठी दार उघडले ते लुईस यांच्याच ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ने. हे पुस्तक मुळात बीबीसीवरची भाषणे आहेत. १९४१ ते १९४४ या काळात, युद्ध चालू असताना, त्यांनी ती सामान्य श्रोत्यांसाठी दिली आणि १९५२ मध्ये ती एकत्रित पुस्तकरूपाने आली. तरुणपणी लुईस स्वतः नास्तिक होते, त्यामुळे पलीकडच्या बाजूचे बोलणे त्यांना आतून ठाऊक आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मांडणारा भाग त्यांनी चार वेगवेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंना दाखवून घेतला होता, आणि प्रस्तावनेत ते सांगतात की हे पुस्तक म्हणजे घरातला एक व्हरांडा आहे. त्यातून दारे खोल्यांत उघडतात, आणि शेकोटी, खुर्च्या व जेवण खोल्यांतच मिळते. एवढी मर्यादा स्वतःहून सांगणारा लेखक वकिली करतो असे मला म्हणवत नाही.

त्यांचा एक युक्तिवाद आता लंगडा वाटतो, हेही सांगतो. येशूने स्वतःविषयी जे दावे केले ते पाहता तो वेडा असेल, लबाड असेल किंवा खरोखर प्रभू असेल. केवळ थोर नीतिशिक्षक म्हणून त्याला मोकळे करता येत नाही, असे लुईस म्हणतात. परंतु शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे जीवन सांगणारी बायबलमधली पुस्तके, कशी घडली, त्यांत कोणते शब्द कोणत्या थरातले आहेत, याचा अभ्यास करणारा ते दावे मुळात येशूचेच नसतील ही चौथी शक्यता विचारणारच, आणि त्या प्रश्नाला लुईस पुरेसे उत्तर देत नाहीत. तरीसुद्धा हे पुस्तक माणसाला विचार करायला लावते. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स हेही एके काळी नास्तिक होते, आणि ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ वाचून आपले आक्षेप किती उथळ होते हे कळल्याचे त्यांनी ‘द लँग्वेज ऑफ गॉड’ या २००६ सालच्या पुस्तकात सांगितले आहे. उत्क्रांती पूर्णपणे मान्य करून लिहिलेले हे पुस्तक विज्ञानाचे विद्यार्थी असलेल्या तरुणांना मी आवर्जून देतो.

लुईस यांनीच एक इशारा दिला आहे, तो या चर्चेला लागू पडतो. सत्य शोधाल तर शेवटी सांत्वन मिळण्याची शक्यता आहे. केवळ सांत्वन शोधाल तर दोन्ही हातची जातील.

प्रतिसाद : उंबरठा

साक्षेप, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि माझी मांडणी एकांगी होती हेही. माझा राग युक्तिवादावर नसावा. दुःखी माणसाच्या उशाशी बसून युक्तिवाद करण्यावर असावा. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, तोपर्यंत ते खरे मित्र असतात. तोंड उघडून कारणमीमांसा सुरू केल्यावर सगळे बिघडते, आणि शेवटी देव त्यांनाच सुनावतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. ओरडणारा, भांडणारा ईयोब मात्र नीट बोलला असे तो म्हणतो. या विषयावरची कितीतरी पुस्तके मी याच एका कसोटीवर घासून पाहतो.

प्रतिसाद : कंदील

जपानी कादंबरीकार शुसाकु एन्दो यांच्या ‘सायलेन्स’शिवाय ही यादी अपुरी राहील. कादंबरी १९६६ ची आहे. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आहे. आपल्या गुरूने, फेरेरा यांनी, छळाला बळी पडून धर्मत्याग केला या बातमीवर विश्वास न बसल्याने रॉड्रिगिश हा तरुण पोर्तुगीज जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू, गुपचूप तिथे उतरतो. ख्रिस्ती असल्याचा संशय असलेल्यांना ‘फुमिए’वर, म्हणजे ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा असलेल्या फलकावर, पाय ठेवायला लावत. पाय ठेवला तर सुटका, नाहीतर छळ. रॉड्रिगिशला वाटत असते की आपण हुतात्मा होऊ. त्याच्यापुढे येतो तो वेगळाच पेच: त्याने पाय ठेवला नाही तर छळ त्याचा होणार नाही, दुसऱ्यांचा होईल. एका रात्री कोठडीत त्याला घोरण्याचा आवाज येतो आणि पहारेकरी इतके निवांत झोपलेत म्हणून त्याला संताप येतो. तो आवाज घोरण्याचा नसतो. खड्ड्यात उलटे टांगलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे ते कण्हणे असते. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी पुढचे सांगत नाही.

माझ्या मनात रॉड्रिगिशपेक्षाही घर करून राहिला तो किचिजिरो. तो भित्रा आहे, वारंवार विश्वासघात करतो आणि दर वेळी पापकबुलीसाठी परत येतो, रडत, लोचटपणे, नकोसा वाटेल असा. मंडळीत मी अनेक वर्षे तरुणांबरोबर काम केले आहे, आणि आमच्या बोलण्यात ‘साक्ष’ म्हणजे नेहमी विजयाची कथा असे: मी असा होतो, प्रभूने मला असे बदलले. जो बदललाच नाही, जो त्याच खड्ड्यात पुन्हा पडला, त्याला उभे राहून बोलायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. किचिजिरोने मला तसे दोन चेहरे आठवून दिले. त्यांतल्या एकाला मी अलीकडे पत्र लिहिले.

एन्दो यांचा लहानपणी आईच्या इच्छेने बाप्तिस्मा झाला होता. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला परदेशी पोशाख आपल्याला घातला गेला आणि तो आपल्या अंगाला बसेल असा करण्यात आयुष्य गेले, अशा अर्थाचे त्यांनी आपल्या श्रद्धेविषयी लिहिले आहे. विश्वास वारशाने मिळालेल्या प्रत्येकाला हे लागू पडते असे मला वाटते. पोशाख टाकून देणे सोपे, न बसणारा तसाच घालून मिरवणेही सोपे. उसवून पुन्हा शिवत बसण्याला मात्र चिकाटी लागते.

याच मौनाविषयी आणखी एक पुस्तक आहे. मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे ‘कम बी माय लाइट’ या नावाने २००७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते हे त्यांतून जगाला कळले. ती पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती, त्यामुळे वाचताना मला संकोच वाटला आणि अजूनही वाटतो. काहींनी त्यांतून असा निष्कर्ष काढला की त्यांचा विश्वासच नव्हता. मला उलट वाटते. उंबरठा यांनी विश्वासू या शब्दाविषयी लिहिले आहे. पन्नास वर्षे उत्तर न येता जी बाई रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसली आणि मग मरणाऱ्यांची सेवा करायला गेली, तिला दुसरा कोणता शब्द लावायचा?

प्रतिसाद : दूरस्थ

मी श्रद्धावान नाही, ख्रिस्तीही नाही. तरीही या धाग्यावर लिहावेसे वाटले, कारण यांतली काही पुस्तके मी स्वतःच्या गरजेपोटी वाचली आहेत. माझ्यासारख्या वाचकासाठी एक नाव राहून गेले आहे, ते सिमोन वेल यांचे. फ्रान्समधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या तत्त्वज्ञ बाई. कामगारांचे जगणे कळावे म्हणून त्यांनी शिक्षकी बाजूला ठेवून १९३४-३५ मध्ये कारखान्यांत अंगमेहनत केली. ख्रिस्ताची ओढ लागल्यावरही त्या चर्चच्या उंबरठ्यावरच थांबल्या, आणि १९४३ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, वारल्या. त्यांची पत्रे आणि निबंध ‘वेटिंग फॉर गॉड’ या नावाने इंग्रजीत आहेत. बाहेर राहिलेल्या असंख्य माणसांपासून आपल्याला वेगळे व्हायचे नाही, हे त्यांच्या न येण्याचे एक कारण होते. एखादा धर्म ज्यांना खुणावतो पण आत घेत नाही, किंवा ज्यांना स्वतःलाच आत जाववत नाही, अशा माणसांसाठी इतक्या आपुलकीने लिहिलेले मी दुसरे काही वाचलेले नाही.

त्यांतला शालेय अभ्यासाविषयीचा निबंध छोटा आहे. प्रार्थना म्हणजे अवधान, असे त्या म्हणतात, आणि भूमितीचे न सुटणारे प्रमेय घेऊन तासभर प्रामाणिकपणे बसलेल्या मुलाचा तो तास वाया जात नाही. उत्तर आले नाही तरी त्याच्या लक्ष देण्याच्या शक्तीत भर पडते, आणि तीच शक्ती पुढे दुःखी माणसाकडे पाहायला लागते. दुःखी माणसाला ‘तुला काय होते आहे?’ असे विचारून त्याचे ऐकत राहणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, जवळजवळ चमत्कारच आहे, असेही त्या लिहितात. मी देव मानत नाही, परंतु हा निबंध वाचल्यापासून वडिलांचे तेच ते बोलणे मी वेगळ्या तऱ्हेने ऐकतो.

दुसरे दस्तयेव्स्कींचे ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’. देवाविरुद्धचा सर्वांत जळजळीत आरोप मला कोणा नास्तिकाच्या पुस्तकात सापडला नाही, तो या श्रद्धावंताच्या कादंबरीत सापडला. निष्पाप मुलांच्या छळावर उभारलेली कोणतीही अंतिम सुसंवादिता मला नको, माझे प्रवेशपत्र मी नम्रपणे परत करतो, असे इव्हान म्हणतो, आणि लेखक त्याला अर्धवट उत्तर देऊन गप्प बसवत नाही. १८७८ साली, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध होऊ लागण्याच्या आदल्याच वर्षी, दस्तयेव्स्कींचा अल्योशा नावाचा लहान मुलगा वारला होता. कादंबरीच्या नायकाला त्यांनी तेच नाव दिले. इतका प्रामाणिकपणा असेल तर माझ्यासारख्याला त्या घरात बसायला संकोच वाटत नाही.

प्रतिसाद : ओंजळ

सर्वांचे लेखन वाचताना एक गोष्ट मला खटकत राहिली. इथे आलेला आधुनिक माणूस बहुतेक एकटा आहे आणि आपल्या शंकेशी झुंजतो आहे. परंतु जगातल्या असंख्य ख्रिस्ती माणसांपुढचा प्रश्न ‘देव आहे का?’ असा नसतो; ‘देव कोणाच्या बाजूचा आहे?’ असा असतो. गुस्तावो गुतिएरेस या पेरूच्या धर्मगुरूंनी १९७१ साली मुक्तीच्या धर्मविचारावरचे आपले पुस्तक लिहिले ते गरिबांमध्ये राहून. अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मपंडित जेम्स कोन यांचे ‘द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री’ २०११ चे आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना झुंडीने झाडाला टांगून मारले जात होते, त्या काळात वधस्तंभावर ग्रंथ लिहिणाऱ्या नामवंत गोऱ्या पंडितांना तो वधस्तंभ आणि हे झाड यांतले साम्य दिसले कसे नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर बराच काळ मला उपासनास्थानातल्या वधस्तंभाकडे दागिन्यासारखे पाहता आले नाही.

डोरोथी डे यांचे ‘द लाँग लोनलीनेस’ हे १९५२ सालचे आत्मकथनही याच ओळीतले. १९३३ मध्ये, महामंदीच्या काळात, त्यांनी ‘कॅथलिक वर्कर’ हे एका सेंटचे वृत्तपत्र सुरू केले आणि त्यातून बेघरांसाठी आश्रयगृहे उभी राहिली. विश्वास ही त्यांच्या लेखी सूप ढवळण्याची, अंथरुणे घालण्याची आणि वेळ पडल्यास तुरुंगात जाण्याची गोष्ट होती.

शेवटी एक अलीकडचे पुस्तक. केट बोलर या इतिहासकार. देवावर विश्वास ठेवला की आरोग्य आणि पैसा मिळतो असे शिकवणाऱ्या समृद्धीच्या सुवार्तेचा त्यांनी अभ्यास केला. पस्तिसाव्या वर्षी त्यांना चौथ्या टप्प्याचा कर्करोग झाला, आणि ती शिकवण आपल्याही मनात किती खोल रुजली आहे हे त्यांच्या लक्षात आले. ‘एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन’ हे २०१८ सालच्या पुस्तकाचे नाव, आणि प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी कारण असते हे वाक्य आपल्याला प्रिय असलेले एक असत्य आहे असे त्या उपशीर्षकातच सांगून टाकतात. उंबरठा, त्या रात्री आपल्या हाती हे पुस्तक असायला हवे होते.

प्रतिसाद : उंबरठा

ओंजळ, आपण उणीव नेमकी दाखवलीत. विशेष म्हणजे बॉनहॉफर यांनाही ती तशीच दिसली होती. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना ते हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये जात आणि मुलांना शिकवत. तिथली गाणी ध्वनिमुद्रिकांवर घेऊन ते जर्मनीला परतले. तेव्हा आपले म्हणणे आणि माझे म्हणणे दोन वेगळ्या वाटांचे नाही.

मला व्यक्तिगत निरोपांतून दोघांनी विचारले की बॉनहॉफर यांच्या तुरुंगातल्या पत्रांपासून सुरुवात करावी का. पहिल्या पानापासून सलग वाचू नयेत, असे मी सुचवेन. सुरुवातीची बरीच पत्रे घरगुती आहेत आणि त्यांची गोडी नंतर कळते. ‘धर्मविरहित ख्रिस्तीपण’ हा त्यांतला शब्दप्रयोग पुढे फार गाजला आणि चर्च मोडीत काढण्याची घोषणा म्हणूनही वापरला गेला. तो लिहिणारा माणूस कोठडीत रोज स्तोत्रे वाचत होता आणि सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहीत होता, हे विसरून ते वाक्य वाचू नये. १९३७ साली त्यांनी ‘द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप’ मध्ये स्वस्त कृपेवर, म्हणजे ख्रिस्ताच्या मागे न जाता नुसतीच पदरात पाडून घेतलेल्या क्षमेवर, कोरडे ओढले होते. त्या पुस्तकातले धोके आता आपल्याला दिसतात, तरी जे लिहिले त्यावर आपण ठाम आहोत, असे त्यांनी तुरुंगातून कळवले.

ते कळवले ज्या पत्रात, त्यापासून सुरुवात करा. तारीख २१ जुलै १९४४. आदल्या दिवशी हिटलरला मारण्याचा कट फसला होता, आणि त्या कटातल्या लोकांशी त्यांचा संबंध असल्याने त्याचा अर्थ काय होतो हे त्यांना कळत होते. पत्रात मात्र घाबरगुंडी नाही. तेरा वर्षांपूर्वी एका तरुण फ्रेंच पाळकाशी झालेले बोलणे त्यांना आठवते. तो म्हणाला होता, मला संत व्हायचे आहे. बॉनहॉफर म्हणाले होते, मला विश्वास ठेवायला शिकायचे आहे. आता ते लिहितात की या जगात पुरते उतरून, त्यातली कामे, प्रश्न, यश, अपयश आणि गोंधळ अंगावर घेऊनच विश्वास शिकता येतो. पत्र जेमतेम दीड-दोन पानांचे आहे. साक्षेप, आपण ते वाचून त्यातला युक्तिवाद कसा वाटतो ते लिहाल का? आणि दूरस्थ, आपणही.